कुपवाडच्या सर्व्हरची दिंडी: एका मधल्या मशीनचं प्रकरण

रात्री साडेदहाला फोन आला. “दादा, तीन नंबर चेंबरचा आकडा दिसंना झालाय. कुपवाडच्या सर्व्हरला आतच जाता येईना.”

फोन करणारा पुण्यातून बोलत होता. त्याच्या चुलत्यांची, म्हणजे अण्णांची, सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याची अडत आहे आणि कुपवाड एमआयडीसीत कोल्ड स्टोअरेज. मी विश्रामबागेत घरी होतो. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि आयर्विन पुलापाशी पाणी चढत होतं. तिथं ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. अशा रात्री ‘जरा जाऊन बघून या’ म्हणणं सोपं नसतं, म्हणून तर लांबून लॉगिन करायची सोय हवी. नेमकी तीच बंद पडली होती.

आधी चेंबरचं बघितलं. स्टोअरेजवर रात्रपाळीचा ऑपरेटर होता. त्याला दाराजवळच्या डायलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितला. काटा चारवर. माल सुखरूप होता, फक्त आकडा सर्व्हरमधून बाहेर येत नव्हता. बेदाणा म्हणजे काही दूध नव्हे, एका रात्रीत नासत नाही. पुतण्याला म्हटलं, झोप, सकाळी बघू.

आता मांडणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुपवाडच्या सर्व्हरवर चेंबरची तापमानं आणि पेट्यांची आवक-जावक नोंदली जाते. तो इंटरनेटवर उघडा नाही. यार्डातल्या पेढीच्या गच्चीवरून कुपवाडच्या पत्र्यापर्यंत रेडिओ लिंक आहे आणि दोन्हीकडचं मिळून एकच खाजगी नेटवर्क. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०. पेढीत स्थिर आयपीची इंटरनेट लाइन आहे आणि तिच्यामागे, दिवाणजींच्या टेबलाखाली, एक जुना लिनक्स पीसी. बाहेरून येणारा आधी या पीसीवर उतरतो आणि तिथून कुपवाडला जातो. इंग्रजी पुस्तकं अशा मशीनला बॅस्टियन म्हणतात, म्हणजे बुरूज. मला ते कधी पटलं नाही. बुरुजावरून तोफ डागतात, आत कुणी जात नाही. हे मशीन म्हणजे गडाच्या महादरवाजातली दिंडी. मोठं दार बंद ठेवायचं आणि लहान दारातून एकेकाला वाकून आत घ्यायचं.

इथवर रचना चांगलीच होती. त्याआधी कुणीतरी राउटरमधून कुपवाडचा २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे लांबून लॉगिन करायचं दार, थेट जगाला उघडून दिला होता आणि लॉगमध्ये दिवसरात्र पासवर्डचे अंदाज आदळत असत. ते बंद करून पासवर्ड लॉगिनही बंद केलं, फक्त किल्लीनं (म्हणजे फाइलींच्या जोडीनं: खाजगी आपल्याकडं, सार्वजनिक सर्व्हरवर) प्रवेश ठेवला, हे ज्यानं केलं त्याला माझा नमस्कार. पण त्यानं कुपवाडची खाजगी किल्ली यार्डातल्या पीसीवरच ठेवून दिली. तिला सांकेतिक वाक्य नव्हतं. पुतण्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर देणारा माणूस, पूर्वी नोकरीला असलेला एक मुलगा, सगळे त्या पीसीवर ‘अ‍ॅडमिन’ म्हणून उतरायचे आणि तिथली किल्ली फिरवून कुपवाडला ‘रूट’, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत जायचे.

त्या आठवड्यात पीसीची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. दिवाणजींनी ती काढून दुरुस्तीच्या दुकानात दिली आणि तिथल्याच पोराकडून नवी डिस्क बसवून लिनक्स टाकून घेतलं. यार्डात उतरता येत होतं, पण पुढं जायची किल्ली जुन्या डिस्कवर होती. आणि जुनी डिस्क एका अनोळखी दुकानाच्या काउंटरवर, इतर पाच-पन्नास डिस्कांच्या ढिगात. अण्णांना मी एवढंच विचारलं, “स्टोअरेजच्या शटरची किल्ली दुकानात विसरून आला असता तर?” ते लगेच म्हणाले, “कुलूपच बदललं असतं की ओ.”

सकाळी पाऊस जरा उघडला तसा कुपवाडला गेलो. सर्व्हरला मॉनिटर लावला आणि समोर बसून दोन कामं केली. परवानगी असलेल्या किल्ल्यांच्या फाइलमधली एकुलती एक ओळ काढून माझी आणि पुतण्याची वेगवेगळी सार्वजनिक किल्ली घातली. मग सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या होस्ट किल्लीचा ठसा, म्हणजे तिची आखूड खूण, वहीत उतरवून घेतला, दोन-दोन अक्षरांच्या १६ जोड्या, मध्ये विसर्गासारखी टिंबं. पेनानं लिहिताना वेडेपणा वाटतो. त्याचं मोल संध्याकाळी कळलं.

पुढं काय करायचं ते ठरलेलं होतं. मधल्या मशीनवर उतरून तिथून पुन्हा लॉगिन करायचंच नाही. एसएसएच म्हणजे लांबून कुलूपबंद लॉगिन करायची पद्धत, आणि ओपनएसएसएच हा तिचा नेहमीचा प्रोग्राम. त्यात २०१६ च्या ७.३ आवृत्तीपासून ‘प्रॉक्सीजंप’ आहे, कमांडवर लिहायचं तर डॅश आणि मोठा जे. लॅपटॉप आधी यार्डाशी एक जोडणी करतो आणि त्याला सांगतो, इथून कुपवाडच्या २२ नंबरला एक नळी काढून दे. मग त्या नळीतून लॅपटॉप स्वतः कुपवाडशी दुसरी, पूर्ण वेगळी एसएसएच जोडणी बांधतो. यार्डाच्या हातून जातात ते कुलूपबंद बाइट. टेंपोवाला शिवलेली पोती वाहतो, पण शिलाई उसवून बेदाणा मोजत नाही, तसं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ मध्ये तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं तेच नेटवर्कवर पासवर्ड चोरणाऱ्याच्या त्रासातून. मधल्या वाटेवर भरवसा ठेवायचा नाही हे त्याच्या जन्मातच आहे, आणि आपण मधल्या मशीनवर किल्ली ठेवून नेमका तोच भरवसा परत आणतो.

संध्याकाळी घरून पहिला प्रयत्न केला. पुतण्या फोनवर, त्याच्यासमोर माझी स्क्रीन. कमांडमध्ये डॅश आय देऊन किल्लीची फाइल दिली, जंपमध्ये यार्ड, शेवटी कुपवाडचा पत्ता. उत्तर आलं, ‘परमिशन डिनाइड’, आणि खाली ‘कनेक्शन क्लोज्ड बाय अननोन पोर्ट ६५५३५’.

“दादा, हा ६५५३५ कुणी उघडला?”

कुणीही नाही. कुपवाडशी बोलणारी एसएसएच खऱ्या सॉकेटला जोडलेली नसते, ती यार्डाकडून आलेल्या नळीला जोडलेली असते. पलीकडचा पत्ता तिला माहीतच नसतो, म्हणून ती ‘अननोन’ म्हणते आणि पोर्टाच्या जागी तो निरर्थक आकडा छापते. लोक या ओळीमागे लागून फायरवॉल उचकटत बसतात. खरी बातमी वरच्या ओळीत होती. ‘परमिशन डिनाइड’च्या आधी यार्डाचं नाव होतं. म्हणजे कुपवाडपर्यंत आपण पोचलोच नव्हतो, दिंडीतच अडवलं होतं.

इथं मी पुतण्याला एक प्रश्न लावून दिला. प्रत्येक अडचणीला विचारायचं, हे कोणत्या मशीनवर घडलं? लॅपटॉप, यार्ड की कुपवाड? त्या रात्री पुढचं सगळं त्या एका प्रश्नानं सुटलं.

पहिलीचं उत्तर होतं लॅपटॉप. कमांडवर दिलेले पर्याय शेवटच्या मुक्कामाला लागतात, मधल्याला नाही. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं आहे, पण ते वाचतो कोण. माझी किल्ली कुपवाडसाठी राखून ठेवली गेली आणि यार्डापुढं लॅपटॉप रिकाम्या हातानं उभा राहिला. उपाय म्हणजे लॅपटॉपवरची एसएसएचची कॉन्फिग फाइल. एक ‘होस्ट यार्ड’, त्याखाली त्याचा पत्ता, वापरकर्ता, किल्ली. दुसरा ‘होस्ट कुपवाड’, त्याखाली त्याचं सगळं आणि एक ओळ, ‘प्रॉक्सीजंप यार्ड’. मग टायपायचं फक्त ‘एसएसएच कुपवाड’, आणि फाइली नेणारे एससीपी, आरसिंकही त्याच नावानं चालतात. मी तर म्हणेन, कमांडवरचा तो मोठा जे एकदा चाचणीपुरता वापरावा आणि विसरावा.

दुसरा प्रयत्न. ‘चॅनल ०: ओपन फेल्ड: अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’. कोणतं मशीन? यार्ड. आत घेतलं, पण नळी काढून द्यायला नकार दिला. पाटी कारकुनी थाटाची आहे, अर्थ सरळ आहे: इथल्या नियमात बसत नाही. नवी डिस्क बसवणाऱ्या पोरानं कुठूनतरी घेतलेली ‘सुरक्षित’ सेटिंगची फाइल टाकली होती आणि तिच्यात टीसीपी फॉरवर्डिंगला, म्हणजे अशी नळी काढून द्यायला, ‘नो’. याच जागी ‘कनेक्ट फेल्ड’ आलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा यार्डानं प्रयत्न केलेला असतो, पण पुढचं दार उघडलेलं नसतं, मग रेडिओ लिंक नाहीतर सर्व्हर बघायचा. मी ‘नो’च्या जागी ‘लोकल’ केलं. एवढ्यानं इथून पुढं जाणारी नळी मिळते आणि बाहेरून उलटी नळी आणून कुणी पोर्ट उघडू शकत नाही. यार्डावर प्रॉक्सीजंपसाठी याहून काहीच लागत नाही. हुशारी सगळी लॅपटॉपमधल्या प्रोग्रामची, त्यामुळे मधलं मशीन कितीही जुनाट असलं तरी चालतं.

तिसरी अडचण जुनाटपणाचीच, पण दुसऱ्या टोकाला. कुपवाडवर सेंटओएस ६ हे जुनं लिनक्स आहे, ज्याचा सांभाळ नोव्हेंबर २०२० मध्ये संपला. त्यातलं एसएसएच किल्लीची ओळख पटवायला फक्त जुनी, शा-१ वाली आरएसए सही जाणतं आणि २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून ओपनएसएसएचनं ती आपणहून स्वीकारणं बंद केलंय. तेव्हा ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’. होस्ट किल्ली आणि वापरकर्त्याची किल्ली, दोन्हीसाठी ती जुनी पद्धत कॉन्फिगमध्ये परत चालू केली, पण ‘होस्ट कुपवाड’च्या खालीच. सगळ्या होस्टांना लावून टाकायचा मोह होतो, तो टाळायचा. म्हणूनच कुपवाडला आरएसए किल्ली केली होती. नवी, एड२५५१९ जातीची किल्ली त्या सर्व्हरला कळलीच नसती.

चौथी मात्र चांगली झोंबली. स्क्रीन भरून ‘@’ चिन्हांची चौकट आली आणि आत, ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’. पुतण्या म्हणाला, “हे नेहमीचंच हाय. ती ओळ उडवून टाका, नाहीतर तपासणीच बंद करा.”

कोणतं मशीन? लॅपटॉप. पण का? मी कुपवाडला या लॅपटॉपवरून आजवर कधीच गेलो नव्हतो, मग बदललं काय? पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर माझ्याच कपाटाकडं लक्ष गेलं. वर बॅकअपची जुनी पेटी आहे, घरच्या नेटवर्कवर. तिचा पत्ता १९२.१६८.१.२०. आणि तिचीही किल्ली आरएसए.

प्रॉक्सीजंपमध्ये शेवटचा पत्ता यार्ड शोधतं, लॅपटॉप नाही. म्हणून घरात त्याच आकड्याची पेटी असूनही जोडणी बरोबर कुपवाडलाच गेली होती. पण ओळखीच्या होस्टांची वही लॅपटॉपवर आणि तिच्यात नोंद होते ती पत्त्यानं, वाटेनं नाही. वहीच्या लेखी १.२० म्हणजे कपाटावरची पेटी. गल्लीत दोन पाटील असले की पोस्टमनची जी गत, तीच. यावर ‘होस्टकीअलायस’ असा पर्याय आहे. ‘होस्ट कुपवाड’खाली त्यात ‘कुपवाड-सर्व्हर’ लिहिलं, आणि वहीत त्या नावानं वेगळी नोंद व्हायची सोय झाली.

पुन्हा ‘एसएसएच कुपवाड’. आता प्रश्न आला, या होस्टचा ठसा अमुक आहे, विश्वास ठेवायचा का? मी वही उघडली. वहीत सोळा जोड्या आणि स्क्रीनवर ‘शा२५६’ म्हणून लांबलचक अक्षरांची माळ. काहीच जुळेना. जुना सर्व्हर ठसा एमडी५ मध्ये दाखवतो आणि २०१५ नंतरचं एसएसएच शा२५६ मध्ये. किल्ली तीच, मापं दोन. ‘नाही’ म्हणून बाहेर आलो, ठसा एमडी५ मध्ये दाखवायला सांगून परत गेलो, आणि फोनवर एकेक जोडी वाचली. पुतण्या पलीकडून “हं… हं…” करत होता. सोळावी जुळली तेव्हा ‘येस’ टाइप केलं.

एवढा सोस कशाला, असं त्यानं विचारलंच. यार्डाचा पीसी कुणाच्या ताब्यात गेला तर तो नळी कुपवाडऐवजी स्वतःच्या खोट्या सर्व्हरकडं वळवू शकतो. ते पकडणारी गोष्ट लॅपटॉपकडं एकच, हा ठसा. तपासणी बंद केली, तर शिवलेल्या पोत्याची गोष्ट संपली.

मग पुतण्यानं आपली पद्धत सांगितली. “मी पुण्यात एजंट फॉरवर्ड करतो. किल्ली लॅपटॉपवरच राहती, मधल्या मशीनवर काही ठेवावं लागत नाही.” एजंट म्हणजे लॅपटॉपवर किल्ली सांभाळून तिच्या सह्या करून देणारा प्रोग्राम. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळेच घातक. एजंट पुढं पाठवला की मधल्या मशीनवर एक सॉकेट तयार होतं. तिथं रूट असलेला कुणीही, तुम्ही जोडलेले असेपर्यंत, त्या सॉकेटातून तुमच्या एजंटाकडं सह्या मागू शकतो. किल्ली त्याला मिळत नाही, पण तिनं उघडणारी सगळी दारं उघडतात. शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला आणि कागदावर उठवायला हात मात्र पेढीवर सोडून आलो, असला प्रकार. २०१९ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या चॅट सेवेच्या सर्व्हरांत जो घुसला, तो असाच पुढं पाठवलेल्या एजंटाच्या आधारानं आत सरकला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय. पुतण्याच्या कॉन्फिगमध्ये ‘फॉरवर्डएजंट येस’ सगळ्या होस्टांसाठी होतं. ती ओळ फोनवरच काढायला लावली.

यार्डाच्या पीसीवर मग प्रत्येकाचं वेगळं खातं केलं आणि खात्याला शेल, म्हणजे आत कमांड चालवायची सोय, दिलाच नाही. उतरायचं नाहीच, तर शेल कशाला? नळीसाठी तो लागत नाही. किल्लीच्या ओळीआधी बंधनं लिहिली: सगळं बंद, फक्त फॉरवर्डिंग चालू, तेही फक्त १९२.१६८.१.२० च्या २२ लाच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्याला याच दारातून पेढीच्या प्रिंटरकडं जाता येत नाही, यावर त्यानं कुरकुर केली. करू दे. जोडणी नुसती पडून राहिली की मोबाइलच्या इंटरनेटवर तुटायची, तिला दर मिनिटाला जिवंत असल्याची खूण पाठवणारी ओळ घातली आणि तो विषय मिटला.

अण्णांचा प्रश्न वेगळाच होता. “कोण आलं, कोण गेलं, ते कळंल का?” यार्डाच्या लॉगमध्ये कोणत्या खात्यानं किती वाजता दिंडी ओलांडली ते दिसतं, पण पुढं काय केलं ते दिसत नाही, कारण तो मजकूर कुलूपबंद असतो. कुपवाडच्या लॉगमध्ये उलटं: सगळे येणारे यार्डाच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. म्हणून तिथं लॉगची पातळी वाढवून कोणत्या किल्लीनं प्रवेश झाला याचा ठसा नोंदायला लावलं आणि कोणता ठसा कुणाचा याचा कागद दिवाणजींच्या कपाटात ठेवला. पूर्वी सगळेच ‘अ‍ॅडमिन’ असल्यामुळं हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. सगळे अजून रूट म्हणूनच आत जातात हे मला पटलेलं नाही, पण तापमान नोंदणारा प्रोग्राम रूटशिवाय हलत नाही आणि तो लिहिणारा आता फोन उचलत नाही. सर्व्हरच बदलायचा, असं दिवाळीनंतरचं ठरलंय.

आठ दिवसांनी जुनी डिस्क दुकानातून परत आली, वर ‘डेटा मिळाला’ अशी चिठ्ठी चिकटवून. दिवाणजी खूश. मी ती लॅपटॉपला लावली. किल्ली होती तिथंच होती, कुणालाही वाचता येईल अशी. तीच घेऊन कुपवाडला लॉगिन करून बघितलं.

‘परमिशन डिनाइड’. या वेळी आधी नाव कुपवाडचं होतं.